बीम सुरू होण्यापूर्वी : इंदूरमधील एका किरणोपचार विभागाविषयी

आमचे मोठे बंधू अण्णा यांच्यावर अलीकडेच इंदूरमधील एका खासगी रुग्णालयात स्वरयंत्राच्या कर्करोगासाठी किरणोपचार (रेडिओथेरपी) झाले. मी स्वतः रेडिओथेरपी तंत्रज्ञ म्हणून नोकरी केली असून निवृत्तीपूर्वीची वर्षे प्रशिक्षणार्थींना शिकवण्यात गेली, त्यामुळे नातेवाइकांच्या बाकावर बसूनही माझे लक्ष तंत्रज्ञांच्या हातांकडेच होते. रुग्णालयाचे नाव येथे देत नाही. ज्या गोष्टींवरून मी हा विभाग जोखला त्या कोणत्याही शहरातील विभागात पाहता येतात, आणि रामबाग, लोकमान्यनगर, राजेंद्रनगर येथील ओळखीची मराठी कुटुंबे ‘उपचाराला कुठे जावे’ असे विचारतात तेव्हा त्यांना नावापेक्षा त्या गोष्टींचाच अधिक उपयोग होईल. माझे मत आधीच सांगते : उपचार उत्तम झाले, तंत्रज्ञांचे काम मला समाधान वाटावे असे होते, मात्र रुग्णाला माहिती देण्याची व्यवस्था त्या कामाच्या तोडीची नव्हती.

चौकशीला जाणारे बहुतेक जण ‘मशीन कोणते आहे’ एवढेच विचारतात. प्रश्न गैर नाही. जुन्या पद्धतीच्या यंत्रात कोबाल्ट-६० हा किरणोत्सारी धातू असतो; त्याची ताकद दर सव्वापाच वर्षांनी निम्म्यावर येते आणि त्याच प्रमाणात उपचाराचा वेळ वाढत जातो. लिनॅक, म्हणजे किरण स्वतः निर्माण करणारे यंत्र, विजेवर चालतो, आणि त्याच्या किरणांना गाठीचा आकार देऊन लाळग्रंथी व मज्जारज्जू यांना जाणारी मात्रा बरीच कमी ठेवता येते. येथे नवा लिनॅक होता. परंतु संगणकावर मिलिमीटरच्या हिशेबाने आखलेली योजना तेव्हाच खरी ठरते, जेव्हा रुग्ण पहिल्या दिवशी जसा झोपला होता तसाच रोज झोपतो, आणि ते घडवून आणणे सर्वस्वी तंत्रज्ञाच्या हाती असते.

म्हणून मी सर्वप्रथम रुग्णाला रोज त्याच स्थितीत धरून ठेवणारा मास्क कसा बनवतात ते पाहिले. डोके व मानेच्या उपचारात थर्मोप्लास्टिकची (उष्णतेने मऊ होणाऱ्या प्लास्टिकची) जाळीदार शीट सुमारे ६५ ते ७० अंश सेल्सिअसच्या पाण्यात मऊ करून चेहऱ्यावर व खांद्यांवर ताणून बसवतात, ती काही मिनिटांत कडक होते, आणि तोच मास्क घालून सी.टी. सिम्युलेशन, म्हणजे उपचाराची योजना आखण्यासाठीचे सी.टी. स्कॅन, करतात. चेहरा जखडला जाण्याच्या कल्पनेने धीराचा माणूसही घाबरतो. तेथील वरिष्ठ तंत्रज्ञाने अण्णांना आधी कोरडा मास्क हातात धरायला दिला, श्वास नाकातोंडाने मोकळा घेता येतो हे दाखवले, गरम शीटची कड त्यांच्या तळहाताला लावून ती सोसवते ना हे विचारले, आणि काही त्रास झाला तर हात वर करायचा अशी खूण ठरवून मगच शीट चेहऱ्यावर घेतली. शेजारी उभ्या असलेल्या प्रशिक्षणार्थी मुलीला तिने शीट हनुवटीखाली आणि नाकाच्या उंचवट्यावर नीट दाबायला सांगितली, कारण तेथे पोकळी राहिली तर मास्कच्या आत मान फिरते. दाढी आणि मिशांचा प्रश्नही तिने त्याच वेळी काढला : आज जशी ठेवाल तशीच शेवटपर्यंत ठेवा, वाढवलीत तर मास्क घट्ट होईल आणि काढून टाकलीत तर सैल पडेल. ही सूचना अनेक ठिकाणी रुग्णाला मिळतच नाही.

रोजच्या उपचारातील एक प्रसंग मुद्दाम लिहिते, कारण हा मजकूर या अभ्यासक्रमातील विद्यार्थीही वाचतील. इंदूरला धार, झाबुआ, बडवानी, खरगोन अशा जिल्ह्यांतून रुग्ण येतात, आणि एका दिवसाच्या यादीत सारख्या नावाचे दोघे निघणे काही दुर्मीळ नाही. प्रशिक्षणार्थी मुलाने यादीतील नाव वाचून, ‘आप यही हैं न?’ असे एका वृद्ध रुग्णाला विचारले. वरिष्ठाने त्याला तेथेच थांबवले आणि रुग्णालाच स्वतःचे पूर्ण नाव व वडिलांचे नाव सांगायला लावले, मग पडद्यावरील छायाचित्राशी चेहरा ताडून पाहिला. घाबरलेला, कमी ऐकू येणारा माणूस कोणत्याही प्रश्नाला मान डोलावतो; म्हणून उत्तर प्रश्नातच घालून विचारायचे नाही, ते रुग्णाच्या तोंडून यायला हवे. वरिष्ठाने हे मुलाला रुग्णासमोर न रागावता, रुग्ण आत गेल्यावर समजावले. चांगल्या विभागाची यापेक्षा मोठी खूण मला ठाऊक नाही.

त्यानंतरचा क्रम रोज तसाच होता. भिंतीवरील लेझरच्या रेषा मास्कवरील खुणांशी जुळवायच्या, कोन बीम सी.टी. (उपचाराच्या टेबलावरच घेतलेले स्कॅन) घेऊन योजनेच्या चित्रावर ठेवायचा, जो काही मिलिमीटरचा फरक दिसेल तो टेबल हलवून दुरुस्त करायचा, आणि हे सारे एकाने करायचे व दुसऱ्याने तपासायचे. किरण प्रत्यक्ष काही मिनिटेच चालू असतात. त्याआधीची तयारी बहुधा त्याहून जास्त वेळ घेते, आणि बाहेर ताटकळणाऱ्या नातेवाइकांना वाटते तसा हा वेळ वाया गेलेला नसतो. सकाळी पहिला रुग्ण घेण्यापूर्वी तेथे किरणांची मात्रा, लेझर, दरवाजाचा इंटरलॉक (दार उघडताच किरण बंद करणारी सोय), कॅमेरा आणि बोलण्याची यंत्रणा यांची तपासणी होते व तिची नोंद वहीत होते, हे मी स्वतः विचारून घेतले. कॅमेरा व माइक यांची तपासणी क्षुल्लक वाटते, पण थेरॅक-२५ या किरणोपचाराच्या यंत्राच्या १९८५ ते १९८७ मधील अपघातांत टेक्सासमधील टायलर येथे १९८६ मध्ये जे घडले ते प्रत्येक प्रशिक्षणार्थीने जाणून घ्यावे : यंत्राच्या संगणकीय आज्ञावलीतील (सॉफ्टवेअरमधील) दोषामुळे रुग्णाला प्रचंड मात्रा गेली, आणि त्या दिवशी खोलीचा व्हिडिओ जोडलेला नव्हता व इंटरकॉम बंद होता, त्यामुळे बाहेरच्या तंत्रज्ञाला त्याची तगमग दिसली नाही की ऐकू आली नाही. यंत्राने त्रुटीचा संदेश दिला तर तो अर्थ न समजता पुढे ढकलायचा नाही, आणि रुग्ण ‘काहीतरी लागले’ म्हणाला तर त्याच्यावर विश्वास ठेवायचा, हा नियम जगाने फार मोठी किंमत देऊन शिकलेला आहे.

सुरक्षिततेविषयी नातेवाइकांच्या मनात मात्र भलतीच भीती असते. ज्या शहरात राजा रामण्णा या अणुऊर्जा विभागाच्या संशोधन केंद्रातील इंडस-१ आणि इंडस-२ ही सिंक्रोट्रॉन (इलेक्ट्रॉन वेगाने फिरवून किरण निर्माण करणारी) यंत्रे चालतात, त्या शहरातही ‘सिकाई (किरणोपचार) घेऊन आलेल्यांनी नातवंडांना जवळ घेऊ नये’ असे सांगणारे शेजारी आम्हाला भेटले. बाहेरून दिलेल्या किरणांनी रुग्ण किरणोत्सारी होत नाही; लिनॅक बंद झाला की किरणही थांबतात, त्यामुळे अण्णा नातीला मांडीवर घेऊन बसत, आणि त्यात काहीही धोका नव्हता. काळजी घ्यायची असते ती तेथे रोज काम करणाऱ्यांची. परमाणू ऊर्जा नियामक मंडळाच्या मर्यादेनुसार त्यांची मात्रा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्टच्या (शरीरावरील किरणांचा परिणाम मोजण्याच्या एककाच्या) आत आणि कोणत्याही एका वर्षात ३० च्या आत राहावी लागते. येथे प्रत्येकाच्या छातीवर टीएलडी बॅज, म्हणजे कामात मिळालेली मात्रा मोजणारा बिल्ला, होता, प्रशिक्षणार्थींच्याही. एका मुलीने स्वतःच्या छातीचा एक्स-रे काढायला जाताना बॅज काढून ठेवला, तेव्हा तिला नीट शिकवले आहे याची खात्री पटली. रुग्ण म्हणून मिळालेली मात्रा त्या बॅजवर मोजायची नसते.

दुष्परिणामांची देखभाल चांगली होती. अशा उपचारात रोज २ ग्रे (शरीरात शोषलेल्या किरणांचे एकक), आठवड्याला पाच दिवस, अशी एकूण सुमारे ७० ग्रे मात्रा सात आठवड्यांत देतात, आणि दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून तोंड येते, चव जाते, गिळताना घसा दुखतो. दर आठवड्याला वजन घेतले जाई, आहारतज्ज्ञ पोहे-शेव-कचोरीच्या या शहरात मऊ खिचडी, दही, सातूची पेज यांवर माणूस कसा टिकेल हे घरातील बायकांना बसवून समजावी, मीठ व खाण्याचा सोडा घातलेल्या कोमट पाण्याच्या गुळण्या दिवसातून अनेकदा करायला सांगितल्या जात. उच्च ऊर्जेच्या किरणांची कमाल मात्रा त्वचेच्या थोडी खाली पडते, परंतु मास्कमुळे ती पृष्ठभागाकडे सरकते व मानेची कातडी काळवंडते. तिच्यावर हळद, बाम किंवा गरम पाण्याची पिशवी नको, सैल सुती सदरा घाला, हे नर्सने पहिल्याच आठवड्यात बजावले. चौथ्या आठवड्यात मास्क गालाजवळ सैल झाल्याचे तंत्रज्ञाच्याच लक्षात आले. त्याने ते डॉक्टर व भौतिकशास्त्रज्ञांना कळवले, नवा मास्क बनला आणि योजना पुन्हा आखली गेली.

आता उणिवा. प्रतीक्षागृह लहान आहे, नाकातून नळी घातलेल्या रुग्णांनाही तासन्‌तास ताठ पाठीच्या खुर्च्यांवर बसावे लागते, आणि कपडे बदलण्याच्या खोलीचा पडदा अपुरा आहे. स्त्रियांना त्याचा संकोच होतो व तो सहज टाळता येण्याजोगा आहे. त्याहून गंभीर गोष्ट अशी, की यंत्र बिघडले त्या दिवशी सकाळी फोन केला गेला नाही आणि लांबच्या गावांहून भाडे भरून आलेले लोक दुपारपर्यंत काही न कळता बसून राहिले. डोके व मानेच्या कर्करोगात खंड पडणे घातक असते, कारण उपचार लांबला तर उरलेल्या पेशी वेगाने वाढू लागतात. तो खंड शनिवारी उपचार देऊन किंवा एका दिवसात किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा उपचार देऊन भरून काढतात. येथे तो भरून काढला गेला, पण तो का भरायचा हे कोणी समजावले नाही, आणि त्यामुळे एका कुटुंबाने शनिवारची पाळी ‘जास्तीची’ समजून चुकवली. पाच मिनिटांच्या बोलण्याने हे टळले असते.

उपचार संपल्यावर मिळालेला कागद इंग्रजीत होता. पुढे कधीही दात काढायचा झाला तर दंतवैद्याला किरणोपचारांची माहिती द्यायची, कारण त्या भागातील जबड्याचे हाड नीट भरून येत नाही, ही आयुष्यभर लक्षात ठेवण्याची सूचना त्याच्या तिसऱ्या पानावर बारीक अक्षरात आहे. विभागाच्या अभिप्राय वहीत मी ती हिंदी आणि मराठीत, मोठ्या अक्षरांत, पहिल्याच पानावर छापण्याची विनंती लिहून आले आहे.