आय-थ्री विंडो मॅनेजर: तीन भाषांच्या दुकानातून

कर्नाटकातल्या खानापुरात माझं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान आहे. सकाळी पंचायतीला द्यायचा कन्नड अर्ज, दुपारी मराठी लग्नपत्रिका, मधेच कुणाचं तरी बँकेला इंग्रजी पत्र. चार जीबी रॅमच्या जुन्या कॉम्प्युटरवर भाच्याने लिनक्स आणि त्यावर आय-थ्री, म्हणजे पडद्यावरच्या खिडक्या मांडणारा प्रोग्रॅम, बसवून दिलं, त्याला दोन वर्षं झाली. खिडक्या आपोआप शेजारी-शेजारी लागतात. डावीकडे गिऱ्हाइकाच्या कागदाचा फोटो, उजवीकडे माझं टायपिंग. माउस दिवसदिवस बाजूला पडून असतो. फुकट आहे आणि या मशीनवरही अडकत नाही.

कीबोर्ड मी कगप वापरते, म्हणजे उच्चाराप्रमाणे इंग्रजी बटणं दाबायची मांडणी. हे नाव कन्नड गणक परिषदेचं, पण लिनक्समध्ये मराठीलाही कगप मिळतो. के दाबलं की मराठीत क, कन्नडमध्येही क. बोटांना दोन सवयी लावाव्या लागत नाहीत, आमच्या भागात याचं मोल फार. आल्ट-शिफ्ट दाबून भाषा बदलायची ओळ आय-थ्रीच्या कॉन्फिग फाइलमध्ये, म्हणजे सेटिंगच्या फाइलमध्ये, लिहून ठेवली होती.

मागच्या महिन्यात हार्ड डिस्क बदलली, सगळं नव्याने घातलं. पहिल्यांदा सुरू करताना आय-थ्रीने विचारलं, मुख्य बटण विंडोज ठेवू की आल्ट? मी एंटर मारला. मग पेनड्राइव्हवरचं जुनं 'डॉट आय-थ्री' फोल्डर होममध्ये, म्हणजे माझ्या मुख्य फोल्डरात, टाकलं. भाषा काही बदलेना. फाइल उघडली, ओळ तपासली, विंडोज-शिफ्ट-सी दाबून रीलोड केलं, म्हणजे आय-थ्रीला फाइल पुन्हा वाचायला लावली. फाइलमध्ये चूक असली की वर लाल पट्टी येते, तीही नाही. बाकावर दोन माणसं अर्जासाठी बसलेली, आणि मला कन्नडचं एक अक्षर उमटवता येईना.

फोनवर भाचा म्हणाला, "मावशी, टर्मिनलमध्ये आय-थ्री लिही, स्पेस दे, मग दोन डॅश आणि त्यांना चिकटून मोअरव्हर्जन." चालू असलेल्या आय-थ्रीने कुठली फाइल वाचलीय, ती शेवटची कधी बदललीय, सगळं समोर आलं. ती माझी फाइल नव्हतीच! एंटर मारला तेव्हा होममधल्या 'डॉट कॉन्फिग'मधल्या आय-थ्री फोल्डरात नवी फाइल तयार झाली होती. आय-थ्री आधी तिथे बघतं, मग होममधल्या 'डॉट आय-थ्री'त, नंतर ईटीसी या सिस्टिमच्या फोल्डरात. पहिली सापडली की बाकीच्यांना हात लावत नाही, दोन्ही एकत्रही करत नाही.

ओळ योग्य फाइलमध्ये नेली, तरी रीलोडने भागलं नाही. नुसतं एक्झेक (कमांड चालव) लिहिलेली ओळ आय-थ्री सुरू होताना एकदाच चालते. तिथे एक्झेक-ऑलवेज केलं, मधे अंडरस्कोर, आणि विंडोज-शिफ्ट-आरने आय-थ्री रीस्टार्ट केलं. उघडी पत्रिका जागची हलली नाही, आणि आल्ट-शिफ्टला कन्नड आलं.

पाचपैकी साडेचार. रीलोड करताना कुठली फाइल वाचली, हे एका ओळीत दाखवलं असतं तर तो अर्धाही दिला असता. आता टर्मिनलमध्ये आय-थ्रीपुढे डॅश आणि मोठा सी देऊन फाइल आधी तपासून घेते, मगच रीलोड. जुनं 'डॉट आय-थ्री' फोल्डर त्याच दिवशी काढून टाकलं.