चार बाटल्या, चार लेबलं, आत एकच माल

बनावट व्हिस्कीपायी एकूण गेले ३८,८५० रुपये. आकडा आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटी "बस, एवढंच?" म्हणायला कुणी नको. २०२५-२६ चा सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ धरला तरी सव्वासात क्विंटलच्या वर माल झाला हा. आणि यंदा हमीभाव किती जणांच्या हातात पडला ते आमच्या लातूरच्या अडत बाजारात येऊन विचारा.

मी त्याच बाजारात वीस वर्षं बसतो. सोयाबीनचा दाणा दाताखाली फोडून ओलावा बाराच्या आत आहे की चौदावर गेलाय ते सांगतो, आणि मग मशीन लावली तर अर्ध्या टक्क्याचा फरक निघतो. यंदा सप्टेंबरच्या पावसात भिजलेला माल नुसत्या वासावर ओळखलाय. असल्या माणसाला एका पोरानं वासाच्याच धंद्यात गंडवलं. नाक बिचारं बोलत होतं, मीच त्याला गप्प बसवलं.

मी दारुडा नाही. हे लिहून ठेवतो, कारण पुढं ज्या-ज्या टेबलासमोर उभा राहिलो तिथं मला तसंच बघितलं गेलं. पुतण्या पुण्याला असतो, त्यानं ट्यूलिपच्या फुलासारखे, वर तोंडाशी निमुळते असे ग्लेनकेर्नचे दोन ग्लास आणून दिले आणि व्हिस्की हुंगून, थेंबभर पाणी घालून, परत हुंगून कशी प्यायची ते शिकवलं. शनिवारी रात्री तीस मिली, माडीवरच्या खोलीत, आई झोपल्यावर. आई माळकरी आहे, त्यामुळं बारमध्ये बसणं आमच्या घराण्यात शक्य नाही. शंभर पानी वही केली होती. कोणत्या व्हिस्कीला कसला वास, घोट घेतल्यावर चव किती वेळ टिकते, दहापैकी गुण किती. अडतीत मालाची प्रत लावतो तसंच. त्यात लाज वाटण्यासारखं मला काही दिसलं नाही, आताही दिसत नाही.

असल्याच शौकिनांच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर हा भेटला. संभाजीनगरचा आहे म्हणाला. मामेभाऊ विमान कंपनीत, त्याच्यामार्फत ड्यूटी फ्रीचा, म्हणजे विमानतळावरच्या करमुक्त दुकानातला, माल येतो. पहिल्यांदा साठ मिलीच्या सहा कुप्या, २,४०० रुपये. त्या अस्सल होत्या, म्हणून ते पैसे मी मोजत नाही. स्कॉटलंडच्या आयला बेटावरची कुपी उघडली तेव्हा खोलीभर धूर झाला. ते लोक बार्लीचे मोड पीटच्या, म्हणजे दलदलीतल्या वाळलेल्या मातीच्या धुरावर सुकवतात. वहीत मी लिहिलं होतं : "हुरड्याची आगटी विझत आलेली, वर टिंक्चर आयोडीन." आयर्लंडची बहुतेक तीनदा गाळलेली असते, ती नरम लागली. अमेरिकेच्या बर्बनमध्ये मका निदान ५१ टक्के लागतो आणि ती आतून जाळलेल्या कोऱ्या ओकच्या पिंपात मुरवतात. तिला काकवीचा आणि सुक्या खोबऱ्याचा वास. एक कुपी दुसरीसारखी नव्हती. मी आयलाची निम्मी कुपी जपून ठेवली, एखाद्या चांगल्या दिवसासाठी.

पहिला माल अस्सल का देतात हे तुम्हाला माहीत आहे. मलाही माहीत होतं! वरच्या थरात चांगलं सोयाबीन घालून खाली डागी भरलेली पोती मी वीस वर्षं उपसतोय. पोत्यात खोलवर हात घालायचा असतो. बाटलीत हात जात नाही, एवढंच.

दिवाळीनंतर त्यानं बाटल्यांचा विषय काढला. जूनमध्ये राज्यानं इथं बनणाऱ्या विदेशी मद्याचा कर वाढवला, त्यानं दुकानातले भाव भडकलेलेच होते. त्यावर हा म्हणाला, "काका, ब्रिटनशी करार झालाय, स्कॉचची ड्यूटी १५० वरून ७५ टक्के झाली, म्हणून एवढी स्वस्त बसते." पेपरात मीही वाचलं होतं. करारावर २४ जुलै २०२५ ला सह्या झाल्या, हे खरं. पण सही झाली म्हणजे लागू झाला असं नसतं, आणि नोव्हेंबरात तो लागू झालेला नव्हता. शिवाय मला हे सुचायला नको का, की ड्यूटी फ्रीचा माल असेल तर ड्यूटी उतरली काय आणि चढली काय, त्याचा संबंधच काय? एकाच वाक्यात दोन्ही थापा होत्या. मी मान डोलावली.

स्पेसाइडची (हीही स्कॉटलंडचीच) १२ वर्षांची ६,८००, आयलाची १६ वर्षांची ९,५००, बर्बन ४,७००, आयरिश ५,२००. झाले २६,२००. ट्रॅव्हल्सच्या डिकीतून पार्सल आलं, त्या पोराला ६५० रोख. पैसे पाठवताना स्क्रीनवर नाव आलं ते कुठल्याशा मोबाईल शॉपीचं. विचारलं तर म्हणाला, "मित्राचं खातं आहे काका, माझं लिमिट संपलंय." ज्याच्याशी बोलताय त्याचं नाव आणि पैसे जातात ते नाव वेगळं दिसलं की बोट तिथंच थांबवा. माझं थांबलं नाही.

बाटल्या बघा. चारी ७५० मिलीच्या. विमानतळावर मिळणारी स्कॉच बहुतेक लिटरची, नाहीतर ७० सेंटीलिटरची असते. ७५० चं माप इकडच्या दुकानांसाठीचं. मागच्या बाजूला काचेवर चिकट चौकोन होता, स्टिकर खरवडल्यासारखा. तिथं आयात करणाऱ्याचं नाव नि किंमत असणार. म्हणजे इथंच विकलेली, इथंच कुणीतरी संपवलेली, भंगारात गेलेली बाटली परत भरून माझ्याकडं आली. स्टिकर कुठाय विचारलं, तर म्हणे "ड्यूटी फ्रीवर नसतोच." हे अर्धं खरं असल्यामुळं जास्त पटलं. चारी बाटल्यांतल्या दारूचा रंग डिट्टो एक. बर्बनमध्ये रंग घालायलाच परवानगी नाही, स्कॉचमध्ये कॅरॅमल चालतं, मग दोन्ही एका रंगाच्या कशा?

पण हे सगळं सोडा. ज्या रात्री कळायला पाहिजे होतं ती रात्र मला अजून झोपू देत नाही.

पुतण्यानं सांगितलं होतं की डोळ्याआड चव घ्यायची, लेबल बघून जीभ खोटं बोलते. म्हणून बायकोला म्हटलं, चार ग्लासात चार बाटल्यांतली थोडी-थोडी ओत, बुडाला नंबर चिकटव. ग्लेनकेर्न दोनच, म्हणून दोन चहाचे काचेचे पेले. ती कधी थेंबाला शिवत नाही, पण ओतताना म्हणाली, "अहो, चारीला एकच वास येलाय की."

मी काय म्हणालो? "तुला काय कळतंय त्यातलं."

मग मी बसलो तासभर. हुंगलं, पाणी घातलं, परत हुंगलं. मलाही फरक कळेना. आयलाचा धूर कुठंच नाही. त्याला मेसेज केला. तो म्हणाला, "काका, एका वेळी चार घेतल्या की नाक थकतं. आणि तुमची जीभ अजून तयार व्हायचीय, जुन्या बाटलीत धूर मागं असतो." मी अंगठा पाठवला. आणि नंतर वहीत, ही गोष्ट बायकोलाही अजून सांगितलेली नाही, चारींचे वेगवेगळे शेरे लिहिले. आयरिश : हिरवं सफरचंद, मध. बर्बन : गूळ, नारळ. स्पेसाइड : मनुका. आयला : दूरवरचा धूर. दूरवरचा! एकाच डबड्यातल्या मालाला चार प्रती लावल्या मी. बाजारात असं केलं असतं तर हमालांनी हसून काटा बंद केला असता. जपून ठेवलेली अस्सल अर्धी कुपी त्याच कपाटात होती. एकदा उघडून शेजारी धरली असती तर पुढचे बारा हजार वाचले असते. "उगं कशाला संपवायची" म्हणून नाही उघडली.

ते बारा हजार म्हणजे पाणी न घालता थेट पिंपातून भरलेल्या एका बाटलीचा आगाऊ. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात दिले. पार्सल आज येतंय, उद्या येतंय, मग एकच टिक, मग डीपी गायब.

येळवशीला, म्हणजे वेळा अमावस्येला, पुतण्या आला. शेतात भज्जी-आंबिल झाली, रात्री माडीवर त्याला मोठ्या ऐटीत आयला ओतली. त्यानं हुंगलं आणि माझ्याकडं बघितलं. मग त्यानंच ती कुपी शोधून उघडली. धूर. पाच सेकंदांत खेळ संपला. पोरगं काही बोललं नाही, तेच जास्त लागलं.

जरा वेळानं म्हणाला, "काका, हे पोटात किती गेलं?" तोपर्यंत मी फक्त पैशाचा विचार करत होतो. २०१५ साली मुंबईच्या मालवणीत विषारी दारूनं शंभरावर माणसं गेली, त्यात मिथेनॉल होतं, आणि मिथेनॉल वासा-चवीवरून ओळखता येत नाही. संशय आला की एक घोटसुद्धा "बघू तरी" म्हणून घेऊ नका. पिल्यावर डोळ्यांपुढं धुकं आलं, ओकाऱ्या सुरू झाल्या तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठा. मी वाचलो, त्यात माझी हुशारी शून्य.

आता तक्रारीचं ऐका. पहिल्या ठिकाणी साहेबांनी निवांत ऐकून घेतलं आणि विचारलं, "पिऊन झाली का तक्रार?" मागचे दोघं हसले. मग, "परवाना दाखवा." माझ्याकडं पिण्याचा परवाना नव्हता. दुकानात आजवर कुणी मागितला नाही, आणि एक दिवसाचा पाच रुपयांना, आजन्म हजार रुपयांना मिळतो हे मला त्या दिवशी कळलं. फसलेला मी, आणि कागद दाखवायचे मीच! तिथून म्हणाले, दारूचं काम आमचं नाही, पलीकडच्या ऑफिसात जा. पलीकडं म्हणाले, पैसे ऑनलाइन गेले ना, मग ते सायबरवाल्यांचं. सायबरवाले म्हणाले, माल तर मिळालाय तुम्हाला, हा देण्याघेण्याचा वाद झाला, फार तर बारा हजारांचं लिहून घेतो, चॅटच्या प्रिंट काढून आणा. ८४ पानं निघाली, दोन रुपयांनी १६८. प्रिंट घेऊन गेलो तर टेबलावरचे साहेब बंदोबस्ताला. परत गेलो तर पानांवर सह्या नाहीत. बँकेत बाई म्हणाल्या, "पिन तुम्हीच टाकलाय ना सर?"

सगळ्यांत कळस म्हणजे, बाटल्या तपासायला घ्या म्हणून मी थैलीत टॉवेल गुंडाळून चारी घेऊन गेलो. स्कूटरवर, खड्ड्या-खड्ड्याला टिंग-टिंग आवाज, सिग्नलला नेमका आईच्या दिंडीतला माणूस शेजारी. तिथं एकानं हळूच बाजूला घेऊन सांगितलं, "काका, जमा केल्या तर पंचनामा होईल. बनावट दारू कुणाकडं सापडली लिहायचं? तुमच्याकडं. बघा बाबा." थैली उचलली आणि घरी आलो. त्या पोराचा नंबर, खात्याचं नाव, ट्रॅव्हल्सची वेळ, सगळं माझ्याकडं लिहून होतं. एकानंही विचारलं नाही. विचारलं काय, तर आठवड्यातून किती वेळा पिता!

माझीही चूक आहे. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला तो अकराव्या दिवशी, आधी लाज वाटत होती म्हणून. तोवर खात्यात काही उरलं नव्हतं. तुम्ही लाज नंतर वाटून घ्या, फोन त्याच तासाला करा. विनापरवाना विकणाऱ्याकडून घेतलंय, पावती नाही, ग्राहक मंचात काय दाखवणार, हे मला सांगू नका. मला ठाऊक आहे, घेतानाही ठाऊक होतं. परदेशातून येणाऱ्या माणसाला दोन लिटरच आणता येते, आणि तीही विकता येत नाही. मग रोज नवा स्टॉक टाकणाऱ्याचा मामेभाऊ दिवसाला किती विमानं उतरत होता?

घरच्या रिकाम्या बाटल्यांचंही बघा. महागडी बाटली भंगारात देताना लेबल फाडा, झाकण मोडा, खोकं जाळा. पुठ्ठ्याच्या खोक्यासकट बाटली मागणारा भंगारवाला आला तर तो भंगारासाठी आलेला नाही.

आणि हे सगळं आज का लिहितोय, तर परवा त्याच ग्रुपवर नवा नंबर आलाय. नाव वेगळं, डीपीत बालाजीचा फोटो. "सहा सॅम्पल, फक्त २,४००." ग्रुपवाल्यांना लिहिलं, तर दोघांनी विचारलं, पुरावा काय? त्यानं टाकलेला फोटो मोठा करून बघा. कुप्यांच्या मागं भिंतीला हिरव्या वेलीची टाइल आहे, डावीकडची एक कोपऱ्यात फुटलेली. माझ्या चार बाटल्यांचा फोटो आला होता त्यातही तीच टाइल आहे, तोच कोपरा फुटलेला.