मदतीला पुढे व्हायला शिकवणारी कार्यशाळा: करावी का, आणि नाव नोंदवण्याआधी काय विचारावं

रस्त्यात कुणी कोसळलं, प्रवासात कुणी कुणाला छळू लागलं, ऑफिसात एखाद्याला सगळ्यांदेखत घालूनपाडून बोललं जात असलं, तर मध्ये कसं पडायचं हे शिकवणाऱ्या कार्यशाळा आता कॉलेजांत, कंपन्यांत, सोसायट्यांत सर्रास होतात. साचा बहुतेक ठिकाणी एकच. अर्धा दिवस, वीस-पंचवीस माणसं, आधी थोडं मानसशास्त्र, मग प्रसंगांचा सराव, आणि आयोजक मनावर घेणारे असतील तर शेवटी सीपीआर, म्हणजे हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती दाबून रक्तप्रवाह चालू ठेवणं. हे परीक्षण कुठल्या एका संस्थेचं नाही, या साच्याचं आहे. निकाल आधीच देऊन टाकतो: निम्म्याहून जास्त वेळ उभं राहून, मोठ्याने बोलून सराव करून घेणार असतील तर डोळे झाकून जा. नुसत्या स्लाइड असतील तर तेवढं घरबसल्या वाचून होतं.

प्रशिक्षक किती पाण्यात आहे हे पहिल्या दहा मिनिटांत कळतं, कारण सुरुवात हटकून किटी जेनोव्हीज प्रकरणाने होते. १३ मार्च १९६४, न्यू यॉर्कच्या क्वीन्स भागात पहाटे एका तरुणीचा खून झाला आणि ‘३८ जण खिडकीतून बघत राहिले, एकानेही फोन केला नाही’ ही बातमी जगभर गेली. प्रशिक्षक एवढंच सांगून पुढे गेला तर समजावं, त्याची माहिती शिळी आहे. हल्ला दोनदा झाला आणि दुसरा इमारतीच्या आत, जिन्यापाशी, रस्त्यावरून न दिसणाऱ्या जागी झाला. नेमकं काय चाललंय हे कळण्याइतकं पाहिलेली माणसं मोजकीच होती. एकाने खिडकीतून ओरडून हल्लेखोराला पहिल्यांदा पळवलं होतं, आणि शेवटी एक शेजारीण खाली धावत जाऊन जखमी किटीला धरून बसली होती. मूळ बातमी अतिरंजित होती हे ती छापणाऱ्या खुद्द ‘न्यू यॉर्क टाइम्स’ने २०१६ मध्ये मान्य केलं.

हा बारकावा महत्त्वाचा आहे, कारण जुनी गोष्ट ऐकून माणूस ‘जग असंच आहे’ एवढंच घेऊन घरी जातो. उलट अ‍ॅमस्टरडॅम, केप टाउन आणि लँकेस्टर या तीन शहरांतल्या सीसीटीव्हीत टिपलेल्या २१९ भांडणांचा अभ्यास झाला, तेव्हा दहातल्या नऊ प्रसंगांत निदान एक तरी तिऱ्हाईत मध्ये पडलेला दिसला. आजूबाजूला माणसं जितकी जास्त, तितकी कुणीतरी पुढे होण्याची शक्यताही जास्त होती. मग ‘गर्दीत कुणी मदत करत नाही’ हे खोटं का? पूर्ण खोटं नाही. गर्दीत *एकेका* माणसाची पुढे होण्याची शक्यता कमी होऊ शकते आणि तरी *कुणीतरी* पुढे होण्याची वाढू शकते. हा फरक नीट समजावणारा प्रशिक्षक मिळाला तर पहिला तास सत्कारणी लागला म्हणायचं.

पहिल्या भागातलं दुसरं मोलाचं म्हणजे डार्ली आणि लाताने या मानसशास्त्रज्ञांचे १९६८ चे प्रयोग. एकात सहभागी माणूस खोलीत एकटा बसून इंटरकॉमवर बोलत असतो आणि पलीकडच्याला फिटचा झटका आल्याचं त्याला ऐकू येतं. आपल्याखेरीज कुणी ऐकत नाही असं वाटणाऱ्यांपैकी ८५ टक्के झटका संपायच्या आत मदतीला उठले. आणखी एक जण ऐकतोय असं वाटलं तर ६२ टक्के. आणखी चार जण असतील तर ३१ टक्के. आकडे सगळेच सांगतात. सहसा गाळला जातो तो पुढचा तपशील: जे उठले नाहीत ते निर्विकार नव्हते. प्रयोगकर्ता आत आला तेव्हा त्यांचे हात थरथरत होते, तळव्यांना घाम होता, ‘तो बरा आहे ना?’ असं तेच विचारत होते. म्हणजे माणूस अडतो तो दगडाच्या काळजामुळे नव्हे. ‘दुसऱ्या कुणी सांगितलं असेलच’ आणि ‘आपण उगाच नसती उठाठेव करतोय की काय’ या दोहोंच्या कात्रीत तो सापडतो.

दुसऱ्या प्रयोगात खोलीत धूर सोडला होता. एकटी बसलेली ७५ टक्के माणसं उठून सांगायला गेली. शेजारी प्रयोगकर्त्यांनीच पढवून बसवलेले दोन जण शांतपणे कागद भरत बसले असले की १० टक्केच. माणूस शेजाऱ्यांचे चेहरे वाचत होता आणि ते चेहरे मुद्दाम मख्ख ठेवलेले होते.

यावरून त्या दोघांनी पाच पायऱ्या मांडल्या: घटना लक्षात येणं, ती गंभीर आहे असं ठरवणं, ती आपली जबाबदारी मानणं, काय करायचं ते माहीत असणं, आणि प्रत्यक्ष करणं. चांगल्या कार्यशाळेत प्रत्येक सराव यातल्या एका पायरीला बांधलेला असतो. तसा नसेल तर ते नाटुकल्यांचं संमेलन होतं. मजा येते, हाती काही लागत नाही.

आता जिथे खरं काम होतं तो भाग. तिसऱ्या पायरीचा सराव म्हणजे बोट दाखवून काम सोपवणं. ऐकायला पोरकट वाटतो, करायला घेतला की दहातले आठ जण चुकतात. जमिनीवर डमी ठेवतात, पाच-सहा जण मोबाइलमध्ये डोकं घालून बघ्यांची भूमिका करतात आणि तुम्ही मध्ये गुडघ्यावर बसता. आताच सांगितलेलं असूनही तोंडातून पहिलं वाक्य निघतं ते ‘अहो, कुणीतरी फोन करा!’ ‘कुणीतरी’ म्हणजे कुणीच नाही. बरोबर वाक्य असं: ‘निळा शर्ट, चष्मा, हो, तुम्हीच. अँब्युलन्सला फोन लावा, स्पीकरवर ठेवा आणि इथेच माझ्याजवळ उभे राहा.’ यात चार गोष्टी आहेत: ओळखीची खूण, नजरानजर, एकच काम, आणि तो निसटणार नाही याची सोय. मग दुसऱ्याला: ‘ताई, हातात हेल्मेट आहे त्या, तुम्ही. गेटवर एईडी आहे का बघा. असो-नसो, परत येऊन मला सांगा.’ (एईडी म्हणजे बंद पडलेल्या हृदयाला विजेचा शॉक देणारं यंत्र.) परत येऊन सांगायला बजावलं नाही तर माणूस जातो तो जातोच.

इथे ठरलेल्या चुका म्हणजे आवाज खाली पडणं, एकाच माणसावर तीन कामं लादणं आणि विनंतीचा सूर (‘जरा फोन करता का प्लीज?’). प्रत्येकाकडून हे निदान दोनदा करून घेतलं पाहिजे, कारण पहिल्या वेळी लाज मोडते आणि वाक्य दुसऱ्या वेळी बसतं. वेळ कमी म्हणून ‘तीन जण करून दाखवा, बाकीचे बघा’ म्हणणारे प्रशिक्षकही असतात. बघे न होण्याच्या कार्यशाळेत वीस जणांना बघायला बसवायचं, यापुढे काय बोलणार.

फोनवर काय सांगायचं हेही घोकून घ्यायला हवं: सगळ्यात आधी ठिकाण आणि जवळची खूण, मग काय झालं, किती जण, श्वास चालू आहे की नाही. आपणहून फोन ठेवायचा नाही.

छळाच्या प्रसंगांसाठी बहुतेक ठिकाणी पाच मार्ग शिकवतात: लक्ष दुसरीकडे वळवणं, दुसऱ्याची मदत घेणं, नोंद ठेवणं, नंतर विचारपूस करणं आणि थेट बोलणं. थेट बोलणं मुद्दाम शेवटी ठेवलंय. नवख्याला वाटतं मदत म्हणजे अंगावर धावून जाणं, आणि ते जमणार नाही म्हणून तो काहीच करत नाही. लक्ष वळवण्यात मात्र भांडण नसतं. त्रास देणाऱ्याकडे पाठ करून ज्याला त्रास होतोय त्याच्याशीच बोलायचं: ‘अहो, पुढचा स्टॉप कुठला?’, ‘अरे, तू इथे? किती दिवसांनी!’ मध्ये शरीर आलं, संवाद तुटला, पुष्कळदा तेवढ्यावर भागतं. थेट बोलायचंच झालं तर आधी तीन गोष्टी बघायच्या: हत्यार आहे का, आपल्याला बाहेर पडायला वाट आहे का, सोबत कुणी आहे का. मग एकच छोटं वाक्य, ‘बास, त्यांना त्रास देऊ नका,’ आणि लगेच पीडिताकडे वळायचं. वाद घातला की त्रास देणाऱ्याला हवा तो प्रेक्षकवर्ग मिळतो.

मोबाइलवर चित्रीकरणाचा भाग बहुतेक ठिकाणी घाईत उरकतात, तो नीट विचारून घ्या. आधीच कुणी मदत करत असेल तरच कॅमेरा काढायचा, नाहीतर फोन मदतीसाठी वापरायचा. अंतर ठेवायचं, तारीख, वेळ आणि जागा तोंडाने बोलून नोंदवायची. लाइव्ह करायचं नाही, परस्पर कुठे टाकायचंही नाही. ज्याच्यावर प्रसंग गुदरला त्याला विचारून चित्रण त्याच्या हवाली करायचं. घरगुती हिंसाचाराच्या बाबतीत सावधगिरी आणखी वाढते. तुम्ही चारचौघांत सुनावून निघून जाल आणि त्याचा वचपा दार बंद झाल्यावर तिच्यावर निघेल. तिथे तिला एकटीला गाठून ‘काय केलं तर तुला बरं पडेल?’ हे विचारणं हीच पहिली मदत. हे न सांगणाऱ्या कार्यशाळेचे गुण कापायलाच हवेत.

सीपीआर असेल तर तासभर तरी हवा आणि तीन-चार माणसांमागे एक डमी. त्यातही दाब योग्य खोल गेला की ‘टक’ वाजणारी किंवा दिवा लागणारी डमी असेल तर उत्तम. त्याशिवाय सगळ्यांनाच आपण बरोबर करतोय असं वाटत राहतं. क्रम असा: खांदे हलवून मोठ्याने हाक मारा, दहा सेकंदांच्या आत श्वास बघा. मधूनच आचका दिल्यासारखा श्वास येत असेल तर तो श्वास धरायचा नाही. इथेच ‘श्वास चालू आहे’ म्हणून लोक थांबतात आणि वेळ जातो. तळहाताची टाच छातीच्या मध्यभागी, छातीच्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर, कोपर ताठ, खांदे हातांच्या बरोब्बर वर. मोठ्या माणसात ५ ते ६ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० दाब, आणि प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची. दमल्यावर माणूस नकळत हातावर रेलतो, छाती वर येत नाही आणि दाब वाया जातात. म्हणून दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचा, म्हणजे पुन्हा बोट दाखवून बोलावणं आलंच. तोंडाने श्वास देण्याचं प्रशिक्षण नसेल तर नुसते दाब द्या. लहान मुलं आणि पाण्यात बुडालेली माणसं यांना मात्र श्वास देणं फार गरजेचं असतं, तेव्हा ३० दाबांमागे २ श्वासही शिकून घ्यावेत.

एईडीची धास्ती विनाकारण असते. यंत्र आधी चालू करा, पुढचं तेच बोलून सांगतं. छाती ओली असेल तर पुसा. एक पॅड उजव्या बाजूला गळपट्टीच्या हाडाखाली, दुसरा डाव्या बाजूला काखेखाली. शॉकची गरज नसेल तर ते शॉक देत नाही, त्यामुळे ‘माझ्या हातून कुणी मेलं तर’ ही भीती सोडा. शॉकनंतर नाडी शोधत बसायचं नाही, लगेच दाब सुरू. हृदय बंद पडल्यावर सीपीआर आणि शॉक यांविना जाणाऱ्या प्रत्येक मिनिटाला जगण्याची शक्यता साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटते.

उणिवाही आहेत. घाईबद्दल जवळपास कुणी बोलत नाही. १९७३ मध्ये प्रिन्स्टनच्या धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांवर एक प्रयोग प्रसिद्ध झाला. वाटेत एक माणूस कण्हत पडलेला. फुरसत असलेल्यांपैकी ६३ टक्के थांबले, ‘उशीर झालाय, पळा’ असं सांगितलेल्यांपैकी १० टक्के. यातल्या काहींना तर संकटातल्या परक्याला मदत करणाऱ्या माणसाच्या बायबलमधल्या कथेवरच भाषण द्यायचं होतं, आणि त्याने फारसा फरक पडला नाही. तेव्हा निदान एक सराव तरी घड्याळ लावून, हातात सामान देऊन, सहभागींना कुठेतरी धाडून मध्येच प्रसंग उभा करून घ्यायला हवा. तसा घेणारे विरळाच.

मदतीनंतर मदत करणाऱ्याचं काय होतं, हाही विषय अर्ध्यात सुटतो. हात कापणं, झोप न लागणं, ‘माझं काही चुकलं का’ हे डोक्यात घोळणं साहजिक असतं आणि त्यावर कुणाशी बोलायचं हे आधी ठरलेलं बरं. साक्षीदार किंवा मदतकर्ता म्हणून आपल्याकडचा कायदा काय संरक्षण देतो, हे त्या त्या ठिकाणच्या नियमांनुसार सांगणारा माणूस आयोजकांनी बोलावलाय का, तेही विचारा.

ऑनलाइन तासाभराचा वर्ग अगदीच टाकाऊ नाही. १९७८ च्या एका प्रयोगात या विषयावरचं नुसतं व्याख्यान ऐकलेल्यांपैकी सुमारे ४३ टक्क्यांनी दोन आठवड्यांनंतर मदत केली, न ऐकलेल्यांपैकी २५ टक्क्यांनी. म्हणजे माहितीचा फायदा आहेच. पण छातीवर किती जोर लावायचा आणि अनोळखी माणसाला हुकूम कसा सोडायचा, हे पडद्यावरून अंगात येत नाही.

नाव नोंदवण्याआधी आयोजकांना चारच प्रश्न विचारा: किती माणसांमागे एक प्रशिक्षक? प्रत्येकाला सराव मिळेल की निवडक लोकांना? डमी किती, आणि दाब दाखवणाऱ्या आहेत का? उजळणी कधी? सीपीआरचं कौशल्य काही महिन्यांतच उतरू लागतं, त्यामुळे वर्षातून एकदा तरी तासाभराची उजळणी ठेवणाऱ्यांकडे जा. शक्यतो शेजारच्या किंवा ऑफिसातल्या दोघा-तिघांनी मिळून नाव घाला. वेळ आली तर बोट कुणाकडे दाखवायचं, हे त्यांच्यापुरतं आधीच ठरलेलं असेल.