एसक्यूएल सर्व्हरचा मेंटेनन्स प्लॅन: सगळं ठीक, पण जॉब कुणाच्या नावावर आहे ते आधी बघा

दूध संघाच्या हिशेबाचा, मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरवरचा डेटाबेस माझ्याकडे आहे. फुल रिकव्हरी (प्रत्येक बदलाची नोंद, म्हणजे लॉग, तिचा बॅकअप होईपर्यंत जपणारी पद्धत), रोज रात्री फुल बॅकअप, दर पंधरा मिनिटांनी लॉग बॅकअप. ही कामं ठरल्या वेळी आपोआप चालवणारे जॉब ज्यात असतात तो मेंटेनन्स प्लॅन लावून दिला सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या कंपनीच्या माणसाने, स्वतःच्या विंडोज खात्यावरून. कित्येक महिने काही तक्रार नव्हती.

मग तो नोकरी सोडून गेला, त्याचं खातं डोमेनमधून काढलं गेलं आणि सगळे जॉब फेल व्हायला लागले. हिस्टरीत एरर १५४०४, म्हणजे जॉबच्या मालकाची माहितीच मिळत नाही. कंपनीने कळवलं नाही, फेल झाल्यावर मेल यावा अशी सोयही करून दिली नव्हती. रात्रीचा फुल बॅकअप झाला तरी त्याने लॉग रिकामा होत नसतो, आणि इथे तर दोन्ही बंद. लॉग फुगत गेला, डिस्क भरली, आणि ऐन दूध बिलाच्या सकाळी एरर ९००२, म्हणजे लॉग भरला. फॅट-एसएनएफची एक नोंद पडेना. लॉग कशासाठी अडलाय ते पाहिलं, तर उत्तर ‘लॉग बॅकअप’. दुसऱ्या डिस्कवर हाताने लॉग बॅकअप घेतला तेव्हा काम सुरू झालं.

सपोर्टवाल्यांचा सल्ला: “मॅडम, सिंपल रिकव्हरी करा, कटकट मिटेल.” त्यात लॉग आपोआप रिकामा होत राहतो, पण लॉग बॅकअप घेता येत नाही.

जॉबचा मालक बदलून ‘एसए’ (सर्व्हरचं मूळ ॲडमिन खातं) केला, जॉब चालले. पण पुढे जुने बॅकअप किती दिवस ठेवायचे तेवढं प्लॅनमध्ये बदलून सेव्ह केलं, तर मालक पुन्हा तोच गेलेला माणूस! प्लॅन एमएसडीबीत (सर्व्हरच्या स्वतःच्या कामांचा डेटाबेस) पॅकेज म्हणून साठवलेला असतो आणि त्याचा मालक वेगळा नोंदलेला असतो. सेव्ह केलं की जॉब परत त्याच्या नावावर जातात. त्या पॅकेजच्या टेबलातला ओनर एसआयडी (मालकाच्या खात्याचा ओळख क्रमांक) बदलला तेव्हा कुठे हे थांबलं. प्लॅन बनवताना हे कुठेच विचारलं जात नाही, याचा मला आजही राग येतो.

त्या दिवसांत सिंपलचा मोह मलाही होता. डिस्कचा खर्च वाचतो, संघाचा पैसा शेतकऱ्यांचा आहे. पण नंतर एका दुपारी दरपत्रकावर वेअर (कोणत्या ओळी बदलायच्या ती अट) न लावलेला अपडेट चालला आणि म्हैस-गाय सगळ्यांना एकच दर लागला. मी लगेच लॉग बॅकअप घेतला, डेटाबेस दुसऱ्या नावाने रिस्टोअर केला आणि ‘स्टॉपॲट’ने त्या अपडेटच्या मिनिटभर आधी थांबवला. दर तिथून उचलून मूळ टेबलात घातले. सकाळच्या संकलनाची एकही नोंद गेली नाही. सिंपलवर असतो तर आदल्या रात्रीपर्यंतच जाता आलं असतं. तेव्हापासून फुलबद्दल माझ्या मनात शंका नाही.

टेस्टिंगची प्रत मात्र सिंपलवर टाकली, तिथे लॉग सांभाळून उपयोग नाही. सिंपलवरून परत फुलवर आणाल तर लगेच फुल किंवा डिफरन्शियल (शेवटच्या फुलनंतर बदललेल्या भागाचा) बॅकअप घ्या. त्याशिवाय लॉग बॅकअपची साखळी सुरूच होत नाही, नुसतं सेटिंग फुल दिसतं.

आता रोज सकाळी जॉबच्या हिरव्या खुणेवर न थांबता एमएसडीबीच्या बॅकअपसेट या टेबलात शेवटच्या लॉग बॅकअपची वेळ बघते. यापुढे कंपनीच्या माणसाच्या वैयक्तिक खात्यावर एकही जॉब नको, हे वार्षिक करारात लिहून मागितलंय. उत्तर आलं नाही तोवर नूतनीकरणाचा चेक मी पुढे पाठवणार नाही.