मुलांची पोटगी संमतीने बदलायची असेल तर मध्यस्थी केंद्रात जा

आमच्या जिल्ह्याच्या कौटुंबिक न्यायालयातल्या मध्यस्थी केंद्राला पाचपैकी चार तारे.

2016 साली परस्पर संमतीने आमचा घटस्फोट झाला तेव्हा लेक बालवाडीत होती. महिना 6,000 रुपये ठरले होते. आता नववीची फी, व्हॅन, गणिताची शिकवणी, शिवाय दातांना तारा. तिचे बाबा रक्कम वाढवायला तयार होते, पण किती, यावर फोनवर भांडणच व्हायचं. एका वकिलांनी सुचवलं, ‘स्टॅम्पपेपरवर लिहून नोटरी करा, झालं.’ तेवढ्याने भागत नाही! उद्या पैसे थकले तर वसुली न्यायालयाच्या जुन्या आदेशातल्या रकमेचीच होणार. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 26 खाली तो आदेश बदलून मागता येतो. तसा अर्ज केला आणि न्यायाधीशांनी आम्हाला मध्यस्थीला पाठवलं. मध्यस्थीची फी नाही.

मध्यस्थ मॅडमनी जुनं काही उकरू दिलं नाही. दोघांची उत्पन्नाची प्रतिज्ञापत्रं समोर ठेवली आणि म्हणाल्या, “आकडा शेवटी. आधी मुलीचा महिन्याचा खर्च लिहा, दोघांनी वेगवेगळा.” शिकवणीची फी किती हे तिच्या बाबांना ठाऊकच नव्हतं. सुट्टीत ती त्यांच्याकडे असते तेव्हा किती खर्च होतो, हे मलाही तिथेच कळलं. मग त्यांनी ‘एकरकमी घे, विषय संपव’ असं म्हणून पाहिलं. मॅडमनी स्पष्ट सांगितलं, पोटगीचा हक्क मुलीचा आहे, तो आईला सोडून देता येत नाही. हे ऐकून मला फार धीर आला.

शेवटी महिना 11,000 ठरले, दर जूनला 7 टक्के वाढ, शाळेची निम्मी फी बाबांनी थेट शाळेत भरायची. अठरा पूर्ण झाल्यावरही पदवीपर्यंतचा खर्च, हे कलम मॅडमनी आवर्जून घालायला लावलं.

एक तारा कापला तो खोलीमुळे. दार लागत नाही, बाहेर बसलेल्यांना सगळं ऐकू जातं. पगार आणि आजारपणं अशी चारचौघांत बोलायची नसतात.

जाताना जुन्या आदेशाची प्रमाणित प्रत आणि फीच्या पावत्या न्या. तडजोड न्यायाधीशांच्या आदेशात नोंदवून घ्या, नव्या आदेशाचीही प्रमाणित प्रत मागा. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा, बायकांना तिथे उत्पन्नाची अट नाही.