चौकात हत्ती उभा करायचा तर कोणता: फायबरचा, घाणेरीचा की कायमस्वरूपी?

वन्यजीवांविषयी आस्था वाटावी म्हणून चौकात, शाळेच्या आवारात किंवा अभयारण्याच्या फाटकापाशी एखादं शिल्प बसवावं, असं अनेक नगरपालिकांच्या आणि निसर्गमंडळांच्या मनात असतं. मग कोटेशन मागवली जातात आणि चर्चा उंची, रंग आणि बजेट यांवरच अडकते. माझ्या मते पहिला प्रश्न वेगळा हवा: या शिल्पामुळे त्या प्राण्याच्या पदरात नेमकं काय पडणार?

रंगवलेले फायबरचे हत्ती

थायलंडमधल्या मोशा नावाच्या हत्तीच्या पिल्लाचा पाय २००६ साली भूसुरुंगाने गेला. लांपांगच्या हत्ती रुग्णालयात तिला कृत्रिम पाय बसवला. तिला पाहून मार्क आणि माइक स्पिट्स या डच बापलेकांना 'एलिफंट परेड' सुचली आणि २००७ मध्ये रॉटरडॅमला पहिली परेड झाली. पिल्लाच्या आकाराचे हत्ती चित्रकारांकडून रंगवून घ्यायचे, शहरभर मांडायचे, शेवटी लिलाव करायचा. २०१० मध्ये लंडनच्या रस्त्यांवर असे अडीचशेहून अधिक हत्ती होते. २०१८ मध्ये ते मुंबईतही आले. हत्ती होते १०१, कारण देशातल्या हत्तींचे १०१ कॉरिडॉर, म्हणजे एका जंगलातून दुसऱ्यात जाण्याच्या वाटा, वाचवण्यासाठी ती मोहीम होती.

निधी उभा करायला हा मार्ग उत्तम. काम लवकर होतं, स्थानिक चित्रकार जोडले जातात, मुलं धावत येतात. पण लोकांच्या लक्षात चित्र राहतं, हत्ती मागे पडतो. लिलाव झाला की रस्ता रिकामा होतो आणि हत्ती कुणाच्या तरी दिवाणखान्यात जातो. शिवाय जंगलासाठी म्हणून आपण रेझिन, म्हणजे प्लास्टिकसारखं रसायन, ओततो, हे मला खटकतं.

घाणेरीचे हत्ती

तमिळनाडूत निलगिरीच्या कुशीत गुडलूर आहे. तिथे चहाचे मळे, वाड्या आणि हत्ती एकाच जागेत नांदतात. तिथल्या बेट्टकुरुंब, पणिया, काट्टुनायकन, सोलिगा या आदिवासी समाजांतल्या कारागिरांनी घाणेरीच्या काड्यांपासून पूर्णाकृती हत्ती घडवले. घाणेरी, म्हणजे टणटणीचं झुडूप, इंग्रजांनी शोभेसाठी आणली आणि ती जंगलभर पसरली. तिच्या जाळीखाली गवत उगवत नाही, मग चरणाऱ्या प्राण्यांना खायला उरत नाही.

हे कारागीर काड्या उकळून मऊ करतात, साल सोलतात आणि लोखंडी सांगाड्यावर एकेक काडी वाकवून बसवतात. जवळून पाहिलं तर सोंडेवर काड्या आडव्या वळत जातात, पोटावर त्या लांब सरळ धावतात. त्यामुळे कातडीच्या सुरकुत्या आणि अंगाचा भार दोन्ही जाणवतात. प्रत्येक शिल्प त्या भागातल्या एका खऱ्या, ओळखीच्या हत्तीवरून घडवलेलं आहे. हा कळप २०२१ मध्ये लंडनच्या बागांत उभा राहिला. २०२४ पासून अशा शंभर शिल्पांनी अमेरिकेतल्या न्यूपोर्टहून सुरुवात करून त्या देशाचा प्रवास केला. विक्रीतून माणूस आणि वन्यजीव यांच्या सहजीवनाच्या कामाला पैसा जातो.

इथे कच्चा माल काढला की जंगल थोडं मोकळं होतं, कारागिराच्या हाती मजुरी पडते, आणि हत्तीच्या शेजारी राहणाऱ्यांनीच त्याला घडवलेलं असतं. माझा कौल यालाच. मर्यादाही आहेत: काम सावकाश चालतं, अनुभवी हात लागतात, आणि उघड्यावर कोकणातला पावसाळा सोसायचा तर दरवर्षी देखभालीची तरतूद हवी.

कायमस्वरूपी स्मारक

आसाममधल्या काझीरंगा या गेंड्यांच्या अभयारण्याचं उदाहरण सगळ्यात धीट. २२ सप्टेंबर २०२१ रोजी आसाम सरकारने बोकाखातला गेंड्यांची २,४७९ शिंगं जाळली. पुढल्या वर्षी त्याच राखेचा वापर करून बनवलेली तीन गेंड्यांची शिल्पं उभी राहिली. ज्या शिंगासाठी शिकार होते, त्याची किंमत सरकारने शून्य मानली, हे पाहणाऱ्याला न सांगता कळतं. तुमच्या भागात असा खराखुरा प्रसंग घडला असेल तरच कायमस्वरूपी शिल्पावर खर्च करा. नुसता सिमेंटचा वाघ बसवून काही वर्षांत रंगाचे पोपडे पाहायचे असतील, तर तो पैसा वनमजुरांना बूट आणि टॉर्च द्यायला बरा.

मग निवड कशी करायची?

मोठ्या शहरात, थोड्या दिवसांत निधी हवा असेल तर फायबरची परेड घ्या. मात्र लिलावाचा पैसा कुणाला जाणार हे प्रत्येक हत्तीच्या पाटीवर लिहा. दोडामार्ग किंवा गडचिरोलीसारख्या ठिकाणी, जिथे हत्ती खरोखर शेतात उतरतात, तिथे रंगीबेरंगी हत्ती ठेवू नका. ज्याचं पीक गेलंय त्याला तो थट्टेसारखा वाटेल. तिथे घाणेरीचंच शिल्प करा, आणि घडवणाऱ्यांत त्या गावची माणसं घ्या.

त्यासाठी घाणेरी तोडण्याआधी वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांची परवानगी काढा. घाणेरी जमिनीच्या वरून छाटू नका, ती पुन्हा फुटते. मूळ जमिनीखाली थोड्या खोलीवर तोडून झुडूप उलटं ठेवायचं, आणि हे सगळं फळं धरण्याआधी उरकायचं, नाहीतर पक्षी बिया पसरवतात.