प्रोस्टेटची गाठ वेगळी निघाली तर: आधी ब्लॉक मुंबईला, की आधी पेट स्कॅन?

बायोप्सीच्या रिपोर्टवर नेहमीच्या ॲडिनोकार्सिनोमाऐवजी दुसरंच काही आलं, किंवा खाली ‘आयएचसी (तुकड्यावर खास डाग घालून गाठीची जात ओळखायची तपासणी) करून घ्यावी’ अशी ओळ आली, की घरात दोन तट पडतात. एक म्हणतो, पेट स्कॅन करून टाकू, कुठवर पसरलंय ते तरी कळेल. दुसरा म्हणतो, आधी मुंबईला दाखवू. मी सोलापुरात पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करतो, त्यामुळे हा वाद बऱ्याचदा आमच्या काउंटरवरच होतो. माझं मत स्पष्ट आहे: आधी ब्लॉक, म्हणजे बायोप्सीचा तुकडा बसवलेला मेणाचा ठोकळा, पुन्हा वाचून घ्या, मग स्कॅन.

प्रोस्टेटच्या शंभरातल्या नव्वदहून जास्त कॅन्सर एकाच जातीचे असतात, ॲसिनार ॲडिनोकार्सिनोमा. त्यात पीएसए (प्रोस्टेटमधून रक्तात येणारं प्रथिन) सहसा वाढतो, टेस्टोस्टेरॉन कमी करणारी हार्मोनची ट्रीटमेंट लागू पडते. उरलेल्या थोड्यांमध्ये स्मॉल सेल, डक्टल, लघवीच्या नळीच्या अस्तरातून येणारा युरोथेलियल, सार्कोमा (स्नायूंसारख्या आधाराच्या पेशींचा) आणि लिम्फोमा (लसिकापेशींचा) येतात. इथं पीएसएवर विसंबून चालत नाही. स्मॉल सेल यकृतात पोचलेला असतानाही पीएसए ४ च्या आत, म्हणजे नॉर्मल, असू शकतो. सार्कोमा ग्रंथीच्या पेशींतून येतच नाही, त्यामुळे त्यातही पीएसए बहुधा नॉर्मल असतो. पीएसए नॉर्मल आणि गाठ मात्र झपाट्यानं वाढतेय, तिशी-चाळिशीतल्या माणसाची लघवी अडकलीय, किंवा हार्मोनची ट्रीटमेंट चालू असताना पीएसए खाली असूनही आजार पसरतोय, अशा वेळी गाठ वेगळ्या जातीची असण्याची शंका घ्यायलाच हवी.

ब्लॉक की स्कॅन

स्कॅन आजार कुठं आहे ते दाखवतो. तो कोणत्या जातीचा आहे, हे तुकडाच सांगतो. शिवाय कोणता स्कॅन करायचा, हेही जातीवर ठरतं. पीएसएमए पेटमध्ये दिलेलं औषध प्रोस्टेटच्या पेशींवरच्या एका प्रथिनाला चिकटतं. स्मॉल सेलमध्ये ते प्रथिन बऱ्याचदा नसतं, म्हणून आजार पसरलेला असूनही स्कॅन कोरा दिसू शकतो. तिथं, तसंच सार्कोमा आणि लिम्फोमात, साखरेवर चालणारा एफडीजी पेट जास्त कामाचा. जात ठरण्याआधी महागडा पीएसएमए करून ‘काही पसरलेलं नाही’ म्हणून निर्धास्त होणारी घरं पाहिली, की जीव तुटतो.

ब्लॉकवर काय होतं? मेणाच्या छोट्या ठोकळ्यात तुमचा तुकडा बसवलेला असतो. त्याचे केसाहून पातळ काप काढून एकेकावर वेगळा डाग घालतात. सिनॅप्टोफिसिन आणि क्रोमोग्रॅनिन उठले, तर कल स्मॉल सेलकडे जातो. डक्टल आणि युरोथेलियल दोन्ही नळीत झालरीसारखे वाढतात, दोन्हींत लघवीतून रक्त जाऊ शकतं. तिथं एनकेएक्स ३.१ प्रोस्टेटकडे बोट दाखवतो, गाटा ३ युरोथेलियलकडे. मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो जिस्ट. ही गाठ गुदाशयाच्या भिंतीतली, पण सुई मागून गेली की तिचा तुकडा प्रोस्टेटचा सार्कोमा म्हणून वाचला जाऊ शकतो. सीडी ११७ आणि डॉग १ हे डाग घातले की ती ओळखू येते, आणि तिच्यावर इमॅटिनिब नावाची गोळी आहे.

जात ठरली की वाटाही वेगळ्या होतात. स्मॉल सेलला फुप्फुसाच्या स्मॉल सेलसारखीच प्लॅटिनम आणि एटोपोसाइडची किमो लागते, लिम्फोमालाही किमोच, पण वेगळी. न पसरलेल्या सार्कोमात ऑपरेशन मुख्य. म्हणून एक कळकळीची विनंती: हार्मोनसाठी वृषण काढण्याचं ऑपरेशन सुचवलं असेल आणि रिपोर्ट अजून नक्की नसेल, तर जात ठरेपर्यंत थांबता येईल का, हे डॉक्टरांना विचाराच. ते ऑपरेशन परत फिरवता येत नाही.

पुन्हा बायोप्सी?

पहिल्या ब्लॉकमध्ये पुरेसा तुकडा उरला असेल, तर सहसा गरज नाही. तुकडा संपला असेल, किंवा यकृतात नवा डाग दिसत असेल, तर तिथला तुकडा घेणं प्रोस्टेटला पुन्हा सुई घालण्यापेक्षा बरं. प्रोस्टेटचीच घ्यायची झाली, तर गुदाशयातून जाण्यापेक्षा वृषण आणि गुदद्वार यांच्या मधल्या त्वचेतून गेल्यास जंतुसंसर्गाचा धोका कमी. आधी टीयूआरपी (लघवीच्या वाटेनं दुर्बीण घालून प्रोस्टेट खरवडण्याचं ऑपरेशन) झाली असेल, तर त्यात निघालेले तुकडेही ब्लॉकमध्ये असतात. ते मागायला लोक विसरतात.

इथं की मुंबईला

आयएचसीचे साधे डाग इथून मोठ्या लॅबकडे पाठवूनही होतात. रिपोर्ट एका दिशेनं स्पष्ट आला आणि डॉक्टरांच्या तपासणीशी जुळला, तर तेवढ्यावर ट्रीटमेंट सुरू करायला हरकत नाही. पण रिपोर्टात ‘शक्यता’ हा शब्द राहिला, किंवा सार्कोमा लिहून आला, तर मी परळच्या टाटा मेमोरियलकडेच बोट दाखवीन. असल्या दुर्मिळ गाठी तिथल्या डोळ्यांखालून जास्त जातात. निदान पक्कं झाल्यावर पुढची ट्रीटमेंट बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलमध्ये घेता येईल का, तेही तिथल्या डॉक्टरांना विचारा; दर फेरीला सिद्धेश्वर एक्स्प्रेसची रात्र म्हाताऱ्या माणसाला सोसत नाही.

स्मॉल सेलची शंका असेल तर मात्र वेळ दवडू नका. ब्लॉक पाठवा आणि त्याच आठवड्यात कॅन्सरच्या डॉक्टरांना भेटा. पाय लुळे पडू लागले, किंवा पाठदुखीसोबत लघवी अडकली, तर कुठल्याच रिपोर्टची वाट न बघता त्याच दिवशी सिव्हिल किंवा जवळचं मोठं हॉस्पिटल गाठा.

लॅबमधून ब्लॉक आणि स्लाइड दोन्ही मागा, नंबर रिपोर्टशी जुळवून घ्या, पावती ठेवा. सोबत पीएसएचे तारखांसकट आकडे, ऑपरेशनची नोंद आणि एमआरआयची सीडी द्या. उन्हाळ्यात जात असाल तर ब्लॉकची डबी गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. मेण साठ अंशांच्या आसपास वितळतं, आणि मे महिन्यात सोलापुरात उन्हात उभ्या, बंद गाडीत तेवढी उष्णता सहज होते. डबी हातातल्या पिशवीत, अंगाजवळ ठेवा.